अळवाचे पान आणि दिव्याची काजळी : हिमरोधक लेपांच्या इतिहासाचा एक विचार

१

गेल्या दहा-पंधरा वर्षांत पदार्थविज्ञानाच्या नियतकालिकांतून एका विशिष्ट जातीच्या लेपांविषयीचे लेखन झपाट्याने वाढले आहे. हे लेप पाण्याला आपल्या अंगी टिकू देत नाहीत आणि त्याच वेळी सूर्यप्रकाश शोषून तापतात. विमानाचे पंख, वीजवाहिन्यांच्या तारा, पवनचक्कीची पाती, सौरपट्टिका अशा उघड्यावरील पृष्ठभागांवर बर्फ साचू नये, आणि साचलाच तर तो विजेवाचून व रसायनांवाचून सुटून यावा, हा त्यांचा हेतू होय. प्रस्तुत लेखात त्यांना ‘प्रकाशतप्त जलविमुख लेप’ असे संबोधिले आहे.

अशा विषयाचा इतिहास कोल्हापुरात बसून लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून थोडे अधिक उंचीवर वसले आहे. येथील हिवाळ्यात पारा गोठणबिंदूच्या आसपासही उतरत नाही. तरीही शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र अधिविभागात पाण्याला दूर सारणाऱ्या सिलिकेवर जे काम झाले, त्याचा या इतिहासाशी खरा संबंध आहे. तो संबंध किती आहे आणि किती नाही, हे नेमके ठरविणे हा या लेखाचा एक उद्देश. दुसरा उद्देश अधिक व्यापक आहे. या लेपांकडे सामान्यतः एक नवा शोध म्हणून पाहिले जाते. वस्तुतः त्यांत दोन स्वतंत्र आणि जुने ज्ञानप्रवाह एकत्र आले आहेत. एक प्रवाह पाण्याचा, दुसरा प्रकाशाचा. प्रत्येक प्रवाह एकटा असता बर्फापुढे अपुरा ठरला. आणि त्या अपुरेपणाची नोंद ज्यांनी स्पष्टपणे केली, त्यांच्यामुळेच पुढील मार्ग खुला झाला. हे विधान पुढील विवेचनात क्रमाने सिद्ध करावयाचे आहे.

२

प्रथम पाण्याचा प्रवाह पाहू. मराठीत क्षणभंगुर गोष्टीला ‘अळवावरचे पाणी’ म्हणतात. गीतेच्या पाचव्या अध्यायात कर्म करूनही अलिप्त राहणाऱ्या पुरुषाला कमलपत्राची उपमा दिली आहे. दोहोंतील निरीक्षण एकच, परंतु रोख निराळा. म्हणीचे लक्ष ढळणाऱ्या थेंबाकडे आहे, तर उपमेचे न भिजणाऱ्या पानाकडे. शास्त्राला पुढे या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागल्या : थेंब पानाला किती टेकतो, आणि पान किती कलते केले असता तो घरंगळतो.

यांपैकी पहिल्या मापाचा पाया थॉमस यंग याने १८०५ मध्ये घातला. घन, द्रव आणि वायू यांच्या सीमांवरील ताणांचा तोल साधेल अशा कोनात थेंबाची कड पृष्ठभागाला मिळते, हे त्याने सांगितले. यालाच आपण स्पर्शकोन म्हणतो. काचेवर पाणी पसरते, कारण तेथे हा कोन लहान असतो. मेणावर तो ९०° च्या वर जातो. परंतु केवळ रासायनिक गुणांनी हा कोन फार वाढविता येत नाही. फ्लोरिनयुक्त संयुगांचा गुळगुळीत थर दिला तरी तो सुमारे १२०° च्या आसपास थांबतो. अळवाच्या पानावरील थेंब मात्र जवळजवळ गोल असतो. हे अंतर रसायनाने भरून निघत नाही. त्यासाठी पृष्ठभागाचा आकार विचारात घ्यावा लागतो.

ही गोष्ट विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन टप्प्यांत उलगडली. १९३६ मध्ये वेन्झेल याने दाखविले की, पृष्ठभाग खडबडीत झाला म्हणजे त्याचे खरे क्षेत्रफळ वाढते आणि त्याची मूळ प्रवृत्ती तीव्र होते : भिजणारा पृष्ठभाग अधिक भिजतो, न भिजणारा अधिक कोरडा राहतो. १९४४ मध्ये कॅसी आणि बॅक्स्टर यांनी याहून वेगळी स्थिती मांडली. हे दोघे इंग्लंडात लीड्स येथील लोकर-संशोधन संस्थेत काम करीत होते, आणि पाणी न झिरपणारे कापड हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. धाग्यांच्या मधल्या पोकळ्यांत हवा अडकून राहिली तर थेंब अंशतः धाग्यावर आणि अंशतः हवेवर टेकतो, आणि स्पर्शकोन पुष्कळ वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष. पुढच्याच वर्षी त्यांनी वनस्पती व प्राणी यांच्या अंगावरील मोठ्या स्पर्शकोनांविषयी स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केले. म्हणजे थेंबाखाली असलेली हवेची गादी हे अळवाच्या पानाचे खरे रहस्य आहे, ही कल्पना तेव्हाच पुढे आली होती.

ती दृष्टीला प्रत्यक्ष दिसण्यास मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली. १९९७ मध्ये बॉन येथील वनस्पतिशास्त्रज्ञ बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी कमळाच्या पानावरील सूक्ष्म उंचवटे व त्यांवरील मेणाचे बारीक कण यांचे वर्णन केले, आणि घरंगळणारा थेंब धूळही सोबत नेतो हे सिद्ध केले. त्यांनी तपासलेल्या वनस्पतींत आपले अळूही होते. त्यापूर्वी एकच वर्ष आधी जपानच्या काओ कंपनीतील संशोधकांनी मेणासारख्या पदार्थाचा कृत्रिम खडबडीत पृष्ठभाग तयार करून १७४° स्पर्शकोन मिळविला होता. यानंतर १५०° हून मोठा स्पर्शकोन आणि १०° हून कमी कलावर घरंगळणारा थेंब, अशी ‘अतिजलविमुख’ पृष्ठभागाची व्याख्या रूढ झाली. म्हण आणि उपमा या दोहोंची मापे एका व्याख्येत अशी एकत्र आली.

३

याच काळात कोल्हापुरात याच गुणधर्माचा शोध सर्वस्वी वेगळ्या दिशेने चालला होता. त्याची पार्श्वभूमी थोडी मागे जाऊन पाहिली पाहिजे.

ओल्या जेलमधील द्रव साधेपणाने आटविला तर केशिकाबलामुळे त्याचा सांगाडा कोसळतो आणि खडा उरतो. १९३१ मध्ये अमेरिकेतील स्टीव्हन किस्लर याने द्रव क्रांतिक तपमानापलीकडे नेऊन काढून घेतला. त्यामुळे द्रव व वायू यांमधील सीमाच नाहीशी झाली आणि सांगाडा शाबूत राहिला. अशा रीतीने एरोजेल हा, घनफळाचा बहुतांश भाग हवेने व्यापलेला, अतिशय हलका घन पदार्थ जन्मास आला. किस्लरची पद्धत वेळखाऊ होती. १९६८ च्या सुमारास फ्रान्समध्ये ल्यों येथे टाइश्नर व त्याचे सहकारी यांनी सोडियम सिलिकेटाऐवजी सिलिकॉनची अल्कोक्साइडे वापरून ती पुष्कळ सुटसुटीत केली.

या पदार्थात एक मोठी उणीव होती. सिलिकेच्या सांगाड्यावर हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते हवेतील बाष्प ओढून घेतात. काही काळाने एरोजेल दमट होऊन गढूळते आणि तडकते. ज्या प्रदेशात चार महिने पावसाळा असतो तेथे या उणिवेची जाणीव वेगळ्या पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. शिवाजी विद्यापीठात डॉ. ए. व्यंकटेश्वर राव यांच्या ‘एअर ग्लास लॅबोरेटरी’ या प्रयोगशाळेने १९९० नंतरच्या दोन दशकांत सिलिका एरोजेलांवर जे सातत्याने काम केले, त्यात या प्रश्नाला मध्यवर्ती स्थान होते. ल्यों येथील जी. एम. पाजोंक हे त्यांच्या अनेक लेखांचे सहलेखक आहेत. टाइश्नरच्या परंपरेचा धागा असा कोल्हापूरपर्यंत आलेला दिसतो.

उपाय असा की, हायड्रॉक्सिल गटांच्या जागी ज्यांचे पाण्याशी सख्य नाही असे मेथिल गट आणावयाचे. यासाठी प्रथम मेथिलट्रायमेथॉक्सिसिलेन हे संयुग जोडद्रव्य म्हणून थोड्या प्रमाणात मिसळले जाई. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात केवळ त्याच संयुगापासून अतिजलविमुख एरोजेल तयार करण्यात आले. त्यावरील पाण्याच्या थेंबाचा स्पर्शकोन १५०° च्या बऱ्याच वर जातो. २००५ मध्ये याच पदार्थाच्या भुकटीत थेंब घोळवून तो गोटीसारखा वाहून नेण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले, आणि २००६ मध्ये लवचीक एरोजेलाचे वर्णन आले. रासायनिकदृष्ट्या यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, येथे जलविमुखता मेथिल गटांनी येते, फ्लोरिनने नव्हे. निसर्गात दीर्घकाळ न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त संयुगांविषयी आज जगभर जी चिंता व्यक्त होते, ती पाहता या निवडीचे मोल त्या वेळेपेक्षा आता अधिक वाटते.

एरोजेल ठिसूळ असते. त्याचा लेप म्हणून थेट उपयोग होत नाही. म्हणून तेच रसायन काचेवरील पातळ थरांत उतरविण्याचे काम पुढे आले. या प्रयोगशाळेत पीएच.डी.चे काम केलेले डॉ. संजय लठ्ठे यांनी नंतर जत येथील राजे रामराव महाविद्यालयात आणि पुढे कोल्हापूरच्या विवेकानंद महाविद्यालयात स्वयंस्वच्छ पृष्ठभागांचे संशोधन चालू ठेवले. आपोआप स्वच्छ राहणारे लेप आणि पाण्यातून तेल वेगळे करणारे जलविमुख पदार्थ हे त्यातील मुख्य विषय. येथपर्यंत कोल्हापूरच्या कामात बर्फाचा संबंध नव्हता. शत्रू होता तो हवेतील ओलावा.

४

बर्फाचा प्रश्न दुसऱ्या प्रदेशांत निर्माण झाला होता. पाणी शून्य अंशाखाली उतरूनही न गोठता द्रवरूप राहू शकते, ही गोष्ट फॅरनहाइटने १७२४ मध्येच नोंदविली होती. ढगांत असे अतिशीत थेंब विपुल असतात. विमानाचा पंख अथवा विजेची तार त्यांना लागताच ते तेथे गोठतात. विसाव्या शतकात विमाने ढगांतून उडू लागली तेव्हा या गोष्टीचे गांभीर्य कळले. १९३० नंतरच्या काळात अमेरिकेतील गुडरिच कंपनीने पंखाच्या कडेवर फुगणाऱ्या रबरी पिशव्या बसविल्या; त्या फुगल्या म्हणजे बर्फाचे कवच फुटे. पुढे तापविलेली हवा, विजेच्या तारा आणि ग्लायकोलचे फवारे हे उपाय आले. तरीही अपघात टळले नाहीत. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टन येथे एअर फ्लोरिडाचे विमान उड्डाणानंतर लगेच पुलावर आदळून पोटोमॅक नदीत कोसळले व ७८ माणसे दगावली. पंखांवरील बर्फ हे त्याच्या कारणांपैकी एक होते. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्युबेक प्रांतात गोठणाऱ्या पावसाच्या भाराने वीजवाहिन्यांचे मनोरे वाकले आणि तीस लाखांहून अधिक लोक ऐन हिवाळ्यात अंधारात राहिले. २००८ च्या आरंभी दक्षिण चीनमध्येही असेच संकट आले.

अशा वेळी अतिजलविमुख पृष्ठभागांकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. पाणीच टिकले नाही तर बर्फ कशाचा होणार, हा युक्तिवाद सरळ होता. २००९ मध्ये पिट्सबर्ग येथील संशोधकांनी अशा लेपावर अतिशीत पाणी ओतून दाखविले की, योग्य आकाराचे कण वापरल्यास बर्फ धरत नाही. परंतु त्याच लेखात त्यांनी इशाराही दिला : कणांचा आकार बदलला तर पृष्ठभाग अतिजलविमुख राहूनही त्यावर बर्फ धरतो, म्हणजे जलविमुखता आणि हिमरोधकता या दोन एकच गोष्टी नव्हेत. २०१० मध्ये हार्वर्ड येथे असे आढळले की, सूक्ष्म रचनेच्या पृष्ठभागावर आदळणारा थेंब उणे २५ ते ३० अंशांपर्यंत गोठण्यापूर्वीच उसळून निघून जातो.

ही आशा फार काळ टिकली नाही. त्याच वर्षी कृपा वाराणसी व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, दमट हवेत बर्फ थेंबाच्या वाटेने येतच नाही. तो बाष्पाच्या वाटेने येतो. बाष्पाला हवेची गादी अडवू शकत नाही. ते उंचवट्यांच्या मधल्या फटींत शिरते, तेथेच गोठते, आणि हवेची जागा बर्फ घेतो. मग जी खडबडीत रचना थेंबाला उचलून धरत होती तीच बर्फाला दातांप्रमाणे घट्ट पकडते. २०११ मध्ये क्युबेकमधील शिकुतिमी येथील संशोधकांनी, अतिजलविमुख पृष्ठभाग खरोखरच हिमरोधक आहेत काय, असा रोखठोक प्रश्न शीर्षकातच विचारला. बर्फ धरणे आणि काढणे यांची आवर्तने वाढत गेली तसे उंचवट्यांचे शेंडे झिजत गेले, आणि दमट हवेत बर्फ अधिक घट्ट चिकटला, असे त्यांचे उत्तर होते. ज्या प्रांताने १९९८ चे संकट सोसले तेथूनच हा प्रश्न यावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या टप्प्यावर पाण्याचा प्रवाह अडला. ओलावा, म्हणजे कोल्हापूरच्या एरोजेलाचा जो मूळ शत्रू, तोच येथेही आडवा आला. मात्र एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. मेथिल गट बाष्पाला सिलिकेशी रासायनिक रीतीने जडू देत नाहीत. परंतु थंड पृष्ठभागावर बाष्प गोठू लागले तर ते त्यास थांबवू शकत नाहीत. तेथे उष्णताच हवी.

५

ती उष्णता कोठून आणावयाची याचे उत्तर दुसऱ्या, प्रकाशाच्या प्रवाहात होते. हा प्रवाह पाण्याच्या प्रवाहाहून जुना आहे, आणि त्याच्या आरंभीच्या नोंदींत आपल्या देशाला स्थान आहे.

महाराष्ट्रातच त्याचे एक दृश्य पाहावयास मिळते. महाबळेश्वर येथे कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाच्या परिसरात आणि लिंगमळ्यात पहाटे दवबिंदू गोठून गवतावर व गाड्यांच्या टपांवर हिमकण दिसतात. अशा वेळी माणसाच्या उंचीवर ठेवलेला तपमापक पुष्कळदा शून्याच्या वरच असतो. हवा गोठणबिंदूला पोचली नसता दव कसे गोठते? निरभ्र रात्री गवताचे पाते आकाशाकडे उष्णता प्रारणाच्या रूपाने टाकीत राहते आणि भोवतालच्या हवेहूनही थंड होते. याच तत्त्वावर अठराव्या शतकात अलाहाबादेत बर्फ तयार केला जाई. उथळ मातीच्या परळांत पाणी घालून ते वाळलेल्या धाटांच्या थरावर रात्रभर उघड्यावर ठेवीत आणि सूर्योदयापूर्वी बर्फ काढून घेत. सर रॉबर्ट बार्कर याने १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या पत्रिकेत या कृतीचे वर्णन केले. तिची योग्य उपपत्ती विल्यम चार्ल्स वेल्स याच्या दवावरील १८१४ च्या निबंधातून स्पष्ट झाली. ज्या कारागिरांच्या हातांनी हा बर्फ होत असे त्यांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत.

रात्री प्रारण बाहेर टाकून जे थंड होते, ते दिवसा प्रारण शोषून तापते. या दुसऱ्या बाजूचा प्रयोग बेंजामिन फ्रँकलिनच्या १७६१ च्या एका पत्रात आला आहे. शिंप्याकडील वेगवेगळ्या रंगांचे कापडाचे तुकडे त्याने उन्हाच्या सकाळी बर्फावर मांडले. काही तासांत काळा तुकडा सर्वांत खोल रुतला, गडद निळा जवळजवळ तितकाच, आणि पांढरा वरच राहिला. पुस्तकी सिद्धांताची वाट न पाहता हीच गोष्ट हिमालयातील शेतकरी वापरीत आले आहेत. लडाख व झंस्कार येथे वसंतात शेतावरील बर्फ लवकर वितळावा म्हणून त्यावर काळी माती पसरण्याची जुनी रीत आहे. पेरणीचा हंगाम इतका अपुरा की, काही दिवसांच्या फरकावर पीक अवलंबून असते.

येथे सिद्धांताच्या दृष्टीने एक अडचण होती. काळा पृष्ठभाग दिवसा प्रकाश चांगला शोषतो, परंतु तापलेला काळा पृष्ठभाग उष्णता तितक्याच मुक्तपणे बाहेरही टाकतो. १९५५ मध्ये ॲरिझोना येथील सौरऊर्जेवरील परिषदेत इस्राएलचे हॅरी टॅबोर यांनी यावर उपाय मांडला. सूर्यप्रकाशाची तरंगलांबी आणि तापलेल्या वस्तूच्या प्रारणाची तरंगलांबी भिन्न असतात. तेव्हा पहिली शोषणारा व दुसरी न सोडणारा निवडक थर धातूवर देता येतो. सौर जलतापकांच्या नळ्यांवर असणारे काळे थर याच विचाराची संतती होत.

तथापि केवळ काळेपणाने बर्फाचा प्रश्न सुटत नाही. फ्रँकलिनचे कापड रुतले ते स्वतः भिजत रुतले. वितळलेले पाणी काळ्या पृष्ठभागावरच राहिले तर सूर्य ढळताच ते पुन्हा गोठते, आणि या वेळी सच्छिद्र बर्फाऐवजी सलग, घट्ट कवच तयार होते. प्रकाश बर्फाचे पाणी करू शकतो. पाण्याला दूर करू शकत नाही. प्रकाशाचा प्रवाह असा दुसऱ्या टोकाला अडला.

६

दोन्ही प्रवाहांचा संगम का अटळ होता, हे एका साध्या हिशेबाने कळते. एक ग्रॅम बर्फ वितळविण्यास सुमारे ३३४ ज्यूल उष्णता लागते. एक चौरस मीटर पृष्ठभागावर एक मिलिमीटर जाडीचा बर्फ असेल तर त्याचे वस्तुमान सुमारे ९१७ ग्रॅम भरते, आणि तो सर्व वितळविण्यास तीन लाख ज्यूलांहून थोडी अधिक उष्णता हवी. प्रखर उन्हात दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट मिळतात. सर्व प्रकाश शोषला गेला आणि काहीच उष्णता वाया गेली नाही असे धरले तरी या कामास पाच मिनिटे लागतील. प्रत्यक्षात वारा आणि थंडी यांमुळे ती कित्येक पटींनी वाढतील, आणि कवच जाड असेल तर काम पुरे होणारच नाही. परंतु सर्व बर्फ वितळविण्याचे कारणच नाही. पृष्ठभागाला लागून असलेला दहा मायक्रोमीटरचा थर सुटला तरी पुरे. त्यास केवळ तीन हजार ज्यूल, म्हणजे त्याच उन्हाचे तीन सेकंद, लागतात. तेवढ्या पाण्याच्या पापुद्र्यावर उरलेले कवच आपल्या वजनाने अथवा वाऱ्याने घसरू शकते. अट एवढीच की, तो पापुद्रा पृष्ठभागाला चिकटून बसता कामा नये. ती अट जलविमुखता पुरी करते. प्रकाशाने बर्फाची पकड सोडवावयाची आणि जलविमुखतेने पाण्याची, अशी ही कामाची वाटणी आहे.

या संगमाचे एक चिन्ह म्हणून काजळीचा इतिहास उद्बोधक आहे. समईच्या ज्योतीवर तांब्याचे भांडे धरून काजळ पाडणाऱ्या घरांना काजळी अपरिचित नाही. तिचे कण अतिसूक्ष्म असून साखळीसारखे गुंफलेले असतात, त्यामुळे तिच्यात हवा भरपूर अडकते आणि पाण्याचा थेंब तिच्यावर गोल राहतो. पण बोट लागताच ती पुसली जाते. २०१२ मध्ये जर्मनीतील माइंत्स येथील मॅक्स प्लांक संस्थेत मेणबत्तीच्या काजळीवर सिलिकेचे पातळ कवच चढविण्यात आले, आणि नंतर ६०० अंशांवर काजळी जाळून टाकण्यात आली. उरला तो तिच्या आकाराचा पोकळ, पारदर्शक सांगाडा. त्यावर फ्लोरिनयुक्त संयुगाचा थर दिला असता तो पाणी व तेल दोहोंना दूर सारू लागला. त्या संशोधकांना काजळीचा आकार हवा होता, तिचा रंग नको होता. २०२० मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे शिमिन ही यांच्या गटाने काजळी, सिलिकेचे कवच आणि सिलिकोनच्या लवचीक साखळ्या असा लेप प्रसिद्ध केला. येथे काजळी जाळली नाही. उलट तिचा काळेपणाच उपयोगी पडला. आठ वर्षांपूर्वी जो दोष म्हणून जाळून टाकला होता, तोच आता गुण ठरला. पृष्ठभागाचे शास्त्र तेच होते. विचारलेला प्रश्न बदलला होता.

या दोहोंच्या दरम्यान, २०१८ मध्ये, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत सुष्मिता दाश, योलेट द राउटर आणि कृपा वाराणसी यांनी तिहेरी थराची रचना मांडली : वर प्रकाश शोषणारा, धातू व सिरॅमिक यांच्या मिश्रणाचा थर, मध्ये उष्णता सर्वत्र पसरविणारा ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि खाली उष्णता अडविणारा फेसाळ थर. वरचा थर सौर तापकांच्या परंपरेतून, म्हणजे टॅबोरच्या वंशातून आला आहे. २०१० मध्ये केवळ जलविमुखतेच्या मर्यादा दाखविणाऱ्या वाराणसी यांचेच नाव येथे पुन्हा भेटते, हे आकस्मिक नव्हे. ज्याने भिंत कोठे आहे हे नेमके पाहिले, त्यालाच तिच्यातील दाराचा शोध लागण्याची शक्यता अधिक.

७

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. या इतिहासात कोल्हापूरच्या वाट्याला किती श्रेय येते? प्रकाशतप्त लेपांची कल्पना येथे जन्मली नाही, आणि बर्फाशी पहिला सामनाही येथे झाला नाही. असा दावा करणे म्हणजे खऱ्या कामाचेही मोल कमी करणे होय. येथील काम पाण्याच्या प्रवाहातील एका विशिष्ट टप्प्याचे आहे : फ्लोरिनवाचून, मेथिलयुक्त सिलिकेच्या आधारे, अतिजलविमुख पदार्थ कसा घडवावा हे दाखविणारे. प्रकाशतप्त लेपांत काळ्या कणांना बांधून ठेवण्यास पुष्कळदा याच जातीचे सिलिका व सिलिकोन वापरले जातात. तेव्हा संबंध पायाशी आहे, शिखराशी नाही. पायाचा दगड होण्यात कमीपणा नाही. तो कोणत्या भिंतीखाली आहे हे मात्र ठाऊक असावे.

दुसरी गोष्ट आपल्या आजच्या कामाविषयी. या विषयावरील लेखांत स्पर्शकोनाचा आकडा ठळकपणे दिला जातो आणि लेप किती सेकंदांत बर्फमुक्त झाला हे सांगितले जाते. वर पाहिलेला इतिहास सांगतो की, खरे प्रश्न दुसरीकडे आहेत. बर्फाची आवर्तने शंभरदा झाल्यावर उंचवटे उरतात काय? दमट हवेत काय होते? धूळ बसल्यावर शोषण किती घटते? आणि सर्वांत अवघड प्रश्न रात्रीचा. हिमकण धरतात ते निरभ्र रात्री, जेव्हा प्रकाश नसतो आणि पृष्ठभाग आकाशाकडे उष्णता टाकीत असतो. दाट ढगांतून जाणाऱ्या विमानासही हीच अडचण येते. म्हणून प्रकाशतप्त लेप हा सर्व प्रसंगी पुरणारा उपाय नसून, अन्य उपायांचा खर्च कमी करणारा साहाय्यक आहे, असेच म्हणणे रास्त ठरेल.

आपल्या देशाला हा प्रश्न परका नाही. श्रीनगरहून द्रास व कारगिलमार्गे लेहपर्यंत जाणारी २२० किलोव्होल्टची वीजवाहिनी २०१९ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. ती हिमालयातील अतिशय थंड टापूंतून जाते. सियाचिन येथे १९८४ पासून आपले सैनिक बर्फात उभे आहेत. लडाखात ऊन प्रखर आणि हवा कोरडी आहे. बाष्प थोडे आणि प्रकाश विपुल, म्हणजे या लेपांना अनुकूल अशीच परिस्थिती. परंतु तेथे जे टिकेल ते टिकाऊ आहे की नाही हे आधी कोठेतरी कठोरपणे पारखले पाहिजे. शीतकक्ष पैशाने विकत घेता येतो. चार महिन्यांची ओल, उन्हाळ्यातील धूळ आणि त्यांमागून येणारे ऊन मात्र येथे फुकट मिळते. लेपाचा एक तुकडा गच्चीवर ठेवून एक पावसाळा जाऊ द्यावा, मग त्यावर बर्फाचे प्रयोग करावे, आणि आकडा घटला तर तो घटलेलाच छापावा. पदव्युत्तर विद्यार्थ्याला एवढे काम सहज करता येण्याजोगे आहे.

या इतिहासात ज्या लेखांनी दिशा बदलली, त्यांत यशाचे वर्णन करणारे थोडे आणि अपयशाचे कारण सांगणारे अधिक आहेत. पिट्सबर्गचा इशारा, शिकुतिमीचा प्रश्न आणि बाष्पाच्या वाटेचा शोध यांवाचून काजळीला तिचे आजचे स्थान मिळाले नसते. पुढील शोधही अशाच एखाद्या घटलेल्या आकड्यातून निघेल, असे मानण्यास जागा आहे.